ड्रॅग रेसिंगचा जुना फोटो वाचायचा कसा: आधी कडा, मग गाडी

पोमोना हे लॉस एंजेलिसच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याकडचं गाव. तिथल्या जत्रेच्या मैदानावर वर्षातून काही रविवारी पहाटे जुन्या गाड्यांचा आणि सुट्या भागांचा बाजार भरतो. नोकरीनिमित्त तिकडे होतो तेव्हा मी तो बाजार सहसा चुकवत नसे. एका सकाळी गंजलेल्या कार्ब्युरेटरच्या ढिगाशेजारी पुठ्ठ्याच्या खोक्यात मला एक कृष्णधवल फोटो सापडला. आठ बाय दहा इंचांचा, एक कोपरा दुमडलेला. पाच डॉलर दिले आणि घरी घेऊन आलो.

फोटोत दोन ड्रॅगस्टर, म्हणजे ड्रॅगच्या शर्यतीसाठीच बांधलेल्या गाड्या, नुकत्याच सुटल्या आहेत. जवळची गाडी लांबलचक, काडीसारखी. पुढची बारीक चाकं रस्त्यापासून वीतभर वर उचललेली, मागचे टायर पांढऱ्या धुरात बुडालेले. पलीकडे जाळीचं कुंपण आणि त्याला खेटून उभी असलेली माणसं. गाडीवरचं नाव धुरानं अर्धं गिळलंय. पाठीमागे कोणी काही लिहून ठेवलेलं नाही.

आता तो पुण्यात माझ्या टेबलावर असतो. अशा फोटोकडे कसं पाहायचं हे मी बरंचसं त्या एका कागदाकडून शिकलो, म्हणून पुढच्या सगळ्या पायऱ्यांत तोच उदाहरण म्हणून घेतला आहे. तुमच्याकडचा फोटो वेगळा असेल. पाहण्याचा क्रम मात्र हाच ठेवा.

आधी थोडी ओळख

ड्रॅग रेस म्हणजे दोन गाड्या, सरळ रस्ता आणि पाव मैल. १,३२० फूट, आपल्या मापात ४०२ मीटर. उभ्या जागेवरून सुटायचं, जो आधी पोहोचला तो पुढच्या फेरीत, हरलेला घरी. दुसऱ्या महायुद्धानंतर दक्षिण कॅलिफोर्नियात हा नाद रस्त्यावर बोकाळला आणि मग त्याला जागा शोधल्या गेल्या. १९५० मध्ये सांता अ‍ॅना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर तिकीट लावून नियमित शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन काढली. तिची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५५ मध्ये कॅन्सस राज्यातल्या ग्रेट बेंडला भरली, तीही युद्धकाळातल्या हवाई तळावर. मोठी, सपाट, सरळ धावपट्टी ही या खेळाची पहिली गरज. आपल्याकडे लोणावळ्याजवळ अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती झाल्या, त्यामागचं कारणही तेच.

म्हणून तुमच्या फोटोत मैलभर ओसाड सपाटी, बाजूला एखादा हँगर किंवा रुंद काँक्रीटच्या फरशांचे जोड दिसले तर ती जुनी धावपट्टी असण्याची शक्यता मोठी.

पहिली पायरी: फोटो पाहायच्या आधी कागद पाहा

हात धुवून कोरडे करा. फोटो कडांनी धरा, पृष्ठभागाला बोट लावू नका. खिडकीशी जा आणि तिरप्या उजेडात फोटो हळूहळू फिरवा. काळ्या भागांवर निळसर, आरशासारखी झाक दिसली तर ती जुन्या चांदीच्या कागदावर काळानं आणलेली झाक आहे. ती नकली करणं सोपं नाही. कागद जाड, किंचित गुंडाळू पाहणारा आणि हाताला खरा कागद वाटत असेल तर तो जुन्या पद्धतीचा. गुळगुळीत, प्लास्टिकचा लेप असलेला वाटला तर प्रिंट साधारण १९७० च्या आसपासची किंवा नंतरची. प्रसंग जुना आणि प्रिंट नवी असंही होतं. निगेटिव्ह जपलेली असली की तीस वर्षांनीही प्रिंट काढता येते. म्हणून कागदाचं वय आणि प्रसंगाचं वय वेगवेगळं नोंदवा.

रंगीत फोटो असेल तर पांढरी किनार आधी पाहा. साठच्या दशकातल्या कोडॅकच्या कित्येक रंगीत प्रिंटवर धुलाईचा महिना आणि वर्ष किनारीत छापलेलं असतं. एवढ्यावर अर्धं काम होतं. तेवढं लक्षात ठेवा की ती तारीख फिल्म धुतल्याची आहे. रोल कॅमेऱ्यात सहा महिने पडून राहिलेला असू शकतो. स्लाइड असेल तर रंग पाहा. कोडाक्रोम फिल्मची स्लाइड अंधारात ठेवलेली असली की आजही टवटवीत राहते, त्या काळातली एक्टाक्रोम बहुधा लालसर-जांभळी पडते.

दुसरी पायरी: नजर गाडीवरून काढा

ही सगळ्यात अवघड पायरी. फोटो हातात आला की डोळे थेट इंजिनावर जातात. जाऊ द्या, पोटभर पाहून घ्या. मग एका कोऱ्या कागदाला खिडकी कापा किंवा सरळ तळहातानं गाडी झाका आणि फक्त कडा पाहा. कुंपण, दिव्यांचे खांब, मागच्या मोटारी, नंबरप्लेट, कपडे, पाट्या, डोंगर, सावल्या.

माझ्या फोटोच्या डाव्या कडेला, दोन मार्गिकांच्या मध्ये, एक खांब अर्धा कापला गेलाय. त्यावर एकाखाली एक दिवे आहेत. पहिले कित्येक आठवडे मला तो दिसलाच नव्हता. हा ‘ख्रिसमस ट्री’, सुटण्याचा इशारा देणारा दिव्यांचा खांब. राष्ट्रीय स्पर्धेत तो १९६३ पासून वापरात आला. त्याआधी दोन गाड्यांच्या मध्ये हातात झेंडा घेतलेला माणूस उभा राहत असे आणि झेंडा उडवताना तो अक्षरशः हवेत उडी मारायचा. जुन्या फोटोंतल्या सगळ्यात देखण्या आकृतींपैकी ही एक.

दिवे मोजा. सुरुवातीच्या झाडावर प्रत्येक बाजूला पाच पिवळे दिवे होते, ते अर्ध्या-अर्ध्या सेकंदानं खाली उतरत आणि मग हिरवा लागे. १९८० च्या दशकात पिवळे तीनावर आले. गाडी जुनी, फोटो कृष्णधवल आणि झाडावर तीनच पिवळे दिवे, तर तुम्ही दुरुस्त करून नव्यानं पळवलेल्या जुन्या गाडीचा अलीकडचा फोटो पाहताय. असे फोटो पुष्कळ आहेत. बेकर्सफील्डजवळ फमोसोच्या धावपट्टीवर जुन्या ड्रॅगस्टर अजूनही मोठ्या प्रेमानं सुरू केल्या जातात.

जागा ओळखायची असेल तर क्षितिज पाहा. पोमोनाच्या फोटोंत पाठीमागे सॅन गॅब्रियल डोंगर येतात, फेब्रुवारीतल्या स्पर्धेत कधी त्यांच्या माथ्यावर बर्फही. लाँग बीचजवळचं लायन्स हे शर्यतीचं ठिकाण सपाट, समुद्राजवळचं. तिथली हवा थंड आणि जड, म्हणून इंजिनं जास्त ताकद काढत आणि चालक तिथे विक्रमासाठी येत. फमोसोच्या भोवती शेतं आणि हिवाळ्यात दाट धुकं. माझ्या फोटोत डोंगर नाहीत, विजेच्या खांबांची रांग आहे आणि सावल्या लांब पडल्यात. म्हणजे वेळ सकाळची किंवा संध्याकाळची. धावपट्टीची दिशा नकाशावर सापडली की सावलीवरून ती कोणती हेही सांगता येतं.

मागे एक स्टेशन वॅगन उभी आहे, तिच्या पुढच्या बंपरला आडवी पट्टी. ही ढकलगाडी. त्या काळच्या ड्रॅगस्टरला स्टार्टर नसे; वजन वाचवायचं म्हणून बॅटरीही नसे. मागून मोटारीनं ढकलायचं, वेग आला की क्लच जोडायचा, तेलाचा दाब पाहायचा आणि मग मॅग्नेटो, म्हणजे बॅटरीशिवाय ठिणगी देणारं यंत्र, चालू करायचा. फोटोत ढकलगाडी सापडली की मला घरातलं माणूस भेटल्यासारखं होतं. शनिवारी शर्यतीला ढकलणारी हीच गाडी कित्येकदा सोमवारी भाजी आणायला जायची.

ढकलगाडीची नंबरप्लेटही वाचा. कॅलिफोर्नियात १९५६ पासून पिवळ्यावर काळी अक्षरं होती, १९६३ पासून काळ्यावर पिवळी, १९६९ पासून निळ्यावर पिवळी. कृष्णधवल फोटोत काळी आणि निळी दोन्ही गडदच दिसतात, आणि १९५६ च्या आधीही काळ्या पाट्या होऊन गेल्यात. तेव्हा एकट्या पाटीवर भिस्त नको.

तिसरी पायरी: सगळ्यात नवी वस्तू शोधा

मी सुरुवातीला या फोटोवर ‘१९५८ असावं’ असं लिहून ठेवलं होतं. कुंपणापलीकडे एक चाळीसच्या दशकातला पिकअप ट्रक आहे आणि दोन-तीन पोरांचे केस पन्नासच्या दशकातले आहेत. मी त्यावर विसंबलो आणि निदान सहा वर्षांनी चुकलो.

चूक कुठे झाली हे नीट समजून घ्या, कारण सगळी पद्धत याच्यावर उभी आहे. जुनी वस्तू फोटोत कितीही वर्षं रेंगाळू शकते. ट्रक वीस वर्षं चालतो, माणूस आवडलेला शर्ट दहा वर्षं घालतो, छोट्या गावातल्या धावपट्टीवर झेंडेवाला ख्रिसमस ट्री आल्यानंतरही काही काळ राहतो. पण जी वस्तू अजून जन्मालाच आली नाही ती फोटोत येऊ शकत नाही. त्यामुळे ‘याच्या आधीचा नाही’ असं सांगणारी खूण पक्की, ‘याच्या नंतरचा नाही’ असं सांगणारी खूण कच्ची. पक्की एक पुरते. कच्च्या तीन-चार एका बाजूला झुकल्या तरच त्यांचं ऐका.

वहीचं पान उभं दुभागा. डाव्या बाजूला पक्क्या खुणा, उजव्या बाजूला कच्च्या. आता हात काढा आणि गाडीकडे या.

चौथी पायरी: सांगाडा ओळखा

इंजिन कुठे आहे आणि चालक कुठे बसलाय, एवढं आधी ठरवा.

इंजिन पुढे आणि चालक अगदी मागे, मागच्या आसाच्याही पलीकडे, दोन मोठ्या टायरच्या मध्ये पाय पसरून बसलेला असेल तर ती ‘स्लिंगशॉट’. बेचकीच्या पट्ट्यात खडा बसावा तसा तो बसतो, नाव त्यावरूनच. मिकी थॉम्पसन यांनी १९५४ च्या सुमारास अशी गाडी बांधली आणि पुढची पंधरा-सोळा वर्षं हीच रचना राज्य करत होती. वजन मागच्या चाकांवर पडावं हा हेतू. स्लिंगशॉट जसजशी नवी तसतशी लांब. पन्नासच्या दशकातल्या गाड्या आखूड आणि ठेंगण्या, साठच्या मध्यावर दोन चाकांमधलं अंतर १५० इंचांच्या पुढे गेलेलं, १९७० च्या आसपास २०० इंचांच्याही पुढे. मोजायला सोपी युक्ती अशी: टायरचा व्यास माप म्हणून घ्या आणि गाडीच्या लांबीत तो किती वेळा बसतो ते पट्टीनं पाहा. फोटो बाजूनं काढलेला असेल तरच हे करा.

या रचनेचा दोष भयंकर होता. इंजिन फुटलं तर तेल आणि आग थेट चालकाच्या तोंडावर. ड्रॅगस्टरचे नामांकित चालक डॉन गार्लिट्स १९५९ मध्ये साउथ कॅरोलिनातल्या चेस्टरला अशाच आगीत गंभीर भाजले. क्लच आणि गिअरबॉक्स तर पायांच्या मध्येच. ८ मार्च १९७० रोजी लायन्सवर गार्लिट्स यांच्या गाडीची गिअरबॉक्स सुटतानाच फुटली आणि त्यांच्या उजव्या पावलाचा काही भाग गेला. रुग्णालयात पडल्या पडल्या त्यांनी इंजिन मागे नेण्याचा विचार सुरू केला. १९७१ मध्ये पोमोनाची हिवाळी राष्ट्रीय स्पर्धा त्यांनी मागे इंजिन असलेल्या गाडीनं जिंकली आणि दोन-तीन वर्षांत वरच्या वर्गातून स्लिंगशॉट जवळजवळ नाहीशी झाली. तेव्हा फोटोत चालक इंजिनाच्या पुढे बसलेला असेल तर बहुधा १९७१ किंवा नंतर. अपवाद आहेत, कारण मागे इंजिन ठेवण्याचे प्रयोग आधीही झाले होते. ते टिकले नाहीत इतकंच.

फोटोतली गाडी मोटारीसारखी मोटार असेल तर दुसरा रस्ता धरा. नाक उंच उचललेली, जुन्या विलीज किंवा शेव्हर्लेची बॉडी असलेली गाडी म्हणजे ‘गॅसर’. ती पुढून उंच असते कारण सुटताना वजन मागे ढकललं जावं. गाडी दिसायला शोरूममधली, पण चाकं जागची थोडी पुढे सरकवलेली, म्हणून दिसायला विचित्र, तर ती बहुधा १९६४-६५ ची. लोक तिला ‘फनी’ म्हणू लागले आणि पुढे ‘फनी कार’ हा वर्गच झाला. संपूर्ण फायबरग्लासची बॉडी एका बाजूनं झाकणासारखी उघडलेली दिसली तर १९६६ च्या आधीची नाही. मुलांच्या खेळण्यातली हॉट वील्स आठवते ना? १९७० मध्ये त्याच खेळण्याच्या मॅटेल कंपनीनं डॉन प्रुडोम आणि टॉम मॅकइवेन या दोघांच्या फनी कारना पैसा पुरवला. प्रुडोमची पिवळी ‘स्नेक’, मॅकइवेनची लाल ‘मंगूस’. साप-मुंगसाची ती जोडी मुंबई-पुण्याच्या मुलांच्या हातात खेळण्याच्या रूपानं आलीही असेल, फक्त ती खरी माणसं होती हे कोणी सांगितलं नसेल.

पाचवी पायरी: इंजिनाजवळ भिंग न्या

दहापट भिंग पुरतं. वरून खाली उतरा.

सगळ्यात वर हवा ओढणारं तोंड, त्याखाली फासळ्यांची पेटी. ही पेटी म्हणजे ब्लोअर, सुपरचार्जर. पुढून रुंद पट्टा ती फिरवतो. बऱ्याचदा ती जीएमसीची ‘६-७१’ असते आणि मूळची डिझेल ट्रक-बसच्या टू-स्ट्रोक इंजिनावरची. सहा सिलिंडर, प्रत्येकी ७१ घन इंच, म्हणून ६-७१. ट्रकच्या भंगारातून काढलेला भाग जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्यांवर बसवला गेला याचं मला अजून अप्रूप वाटतं. ब्लोअर नसेल आणि नुसती उभी नळकांडी दिसत असतील तर ते इंधन इंजेक्शनचं इंजिन. रांगेनं कार्ब्युरेटर असतील तर बहुधा आणखी जुना काळ किंवा छोटा वर्ग.

मग व्हॉल्व्हची झाकणं. रुंद, फुगीर झाकण आणि त्याच्या मधोमध ओळीनं स्पार्क प्लगच्या तारा आत शिरताना दिसल्या तर क्रायस्लरचं हेमी, म्हणजे अर्धगोल ज्वलनकक्षाचं इंजिन. पण कोणतं? १९५७-५८ चं ३९२ घन इंचांचं की १९६४ नंतरचं ४२६ चं? इथे मॅग्नेटो मदतीला येतो. तो डिस्ट्रिब्युटरच्या जागी बसतो, आणि जुन्या हेमीत ती जागा इंजिनाच्या मागच्या टोकाला, ४२६ मध्ये पुढच्या. ब्लोअरच्या मागे, चालकाच्या बाजूला तारांचा झुपका असलेलं डबडं दिसलं तर बहुधा ३९२. काहींनी जागा बदलून घेतली होती, म्हणून ‘बहुधा’. माझ्या फोटोत ते मागे आहे. ही मात्र उजव्या बाजूची, कच्ची खूण; ३९२ इंजिन कित्येकांनी साठच्या दशकाच्या शेवटापर्यंत वापरलं.

आता एक्झॉस्ट. चार नळ्या खाली रस्त्याकडे वळलेल्या असतील तर जुनी तऱ्हा. मागे आणि वर झोकात वळून टायरच्या माथ्याकडे रोखलेल्या असतील तर त्या ‘झूमी’, १९६४ च्या सुमारास आल्या. एक्झॉस्टचा झोत टायरवरचा धूर उडवून लावतो, चालकाला पुढचं दिसतं आणि गाडी थोडी खालीही दाबली जाते. माझ्या गाडीच्या नळ्या वर वळलेल्या आहेत. वहीत डावीकडे नोंद: १९६४.

इंधन फोटोत दिसत नाही असं वाटेल, पण रात्रीच्या फोटोत नळ्यांच्या तोंडाशी उंच, फिकट ज्वाळा दिसल्या तर नायट्रोमिथेन. पेट्रोल जाळायला त्याच्या जवळजवळ पंधरापट वजनाची हवा लागते. नायट्रो स्वतःच ऑक्सिजन घेऊन येतं, त्याला दुपटीपेक्षाही कमी पुरते. म्हणून तेवढ्याच हवेत कितीतरी जास्त इंधन ओतता येतं आणि इंजिन दुपटीहून अधिक ऊर्जा काढतं. वॉली पार्क्स यांच्या संघटनेनं १९५७ मध्ये त्यावर बंदी घातली आणि १९६४ पर्यंत ती पूर्ण उठली. दुसरीकडे, बेकर्सफील्डसारख्या ठिकाणी, नायट्रो चालूच होतं.

सहावी पायरी: धुराशी थांबा

धूर म्हणजे फोटोची शोभा असं समजून लोक पुढे जातात. थांबा, कारण सगळ्यात जास्त यांत्रिकी धुरातच आहे.

साठच्या दशकाच्या सुरुवातीला इंजिनाची ताकद रबराच्या पकडीच्या फार पुढे गेली होती. चालक क्लच सोडायचा आणि टायर घसरत घसरतच पाव मैल जायचे. घसरणारा टायर हाच खरा क्लच होता. शेवटच्या रेषेजवळच्या फोटोतही मागे धुराच्या दोन भिंती दिसतात त्या यामुळे. दशकाच्या उत्तरार्धात अनेक चकत्यांचा, हिशेबानं घसरणारा क्लच रुळला, घसरण रबरातून क्लचमध्ये गेली आणि पट्टीवरचा धूर कमी झाला. टायरही बदलले. नव्या स्लिकची, म्हणजे खाचा नसलेल्या गुळगुळीत टायरची, बाजू मऊ असल्यानं सुटताना तिच्यावर गुंडाळलेल्या चादरीसारख्या सुरकुत्या पडतात. अशा सुरकुत्या साठच्या मध्यानंतरच्या. आणि धूर सुरुवातीच्या रेषेच्या मागे असेल, गाडी पाण्याच्या डबक्यातून चाकं फिरवत येत असेल, तर ती शर्यत नव्हे, टायर तापवणं आहे; ही पद्धत साठच्या अखेरीपासूनची.

आता चाकांचे आरे पाहा. माझ्या फोटोत पुढच्या चाकाचे आरे मोजता येतात इतके स्पष्ट आहेत. मागच्या चाकावर मात्र, धुराच्या फटीतून दिसतं तेवढं, नुसतं पुसट वर्तुळ आहे. समजा शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं उघडलं. गाडी ताशी ३६ किलोमीटरनं सरकत असेल तर तेवढ्यात ती दोन सेंटिमीटर पुढे जाते. मागच्या टायरचा पृष्ठभाग ताशी १४४ नं फिरत असेल तर आठ सेंटिमीटर. गाडी चालतेय एका वेगानं, टायर फिरतोय चौपट वेगानं, आणि मधला सगळा फरक धूर होऊन वर जातोय. एका स्थिर चित्रात दोन वेग दिसतात. मला या फोटोतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच वाटते.

सातवी पायरी: अक्षरं आणि रंग

बाजूला लिहिलेल्या खुणेचं व्याकरण सोपं आहे. तिरप्या रेघेच्या आधीचं अक्षर वजन आणि इंजिनाच्या प्रमाणाचं, नंतरचं इंधनाचं आणि गाडीच्या जातीचं. ‘एए/एफडी’ म्हणजे ब्लोअर लावलेली, नायट्रो जाळणारी, सगळ्यात वरच्या वर्गाची ड्रॅगस्टर. ‘जीडी’ असेल तर पेट्रोलवरची. ‘एफसी’ म्हणजे फनी कार.

नावं जोडीनं किंवा तिघांची असतात. त्यांना एकाच माणसाचं लांब नाव समजू नका. १९६२ च्या प्रसिद्ध ग्रीअर-ब्लॅक-प्रुडोम गाडीत टॉम ग्रीअर मालक, कीथ ब्लॅक इंजिन बांधणारे आणि डॉन प्रुडोम चालक. सांगाडा केंट फुलर यांचा, अ‍ॅल्युमिनियमची बॉडी वेन युइंग यांची, आणि ती नावं मोठ्या अक्षरांत नसतात. म्हणून भिंग घेऊन कॉकपिटच्या काठाशी, नाकाच्या टोकाशी बारीक अक्षरं शोधा. कारागिराची सही तिथे सापडते.

अक्षरं हातानं रंगवलेली आहेत हेही पाहा. ब्रशचा झोक, सोनेरी वर्खाची किनार, सावली. आपल्याकडे ट्रकच्या मागे लिहिणारे पेंटर ज्या हातानं लिहितात, त्याच जातीचं हे काम.

आठवी पायरी: माणसं

चालकाच्या तोंडावर पाहा. उघडं हेल्मेट, गॉगल, तोंडावर श्वासाचा मुखवटा, अंगात चांदीसारखा चकाकणारा आगरोधक सूट. पन्नासच्या दशकात याच जागी टी-शर्ट किंवा चामड्याचं जॅकेट असायचं. मागे पॅराशूटची घडी दिसते का पाहा. ती पन्नासच्या अखेरीस रुळू लागली. प्रत्येक जादा पट्टा आणि जादा नळी कोणाच्या तरी अपघातानंतर आली आहे, हे लक्षात ठेवून पाहा.

चालक बाईही असू शकते. शर्ली मल्डाउनी यांना १९७३ मध्ये नायट्रोवरच्या सगळ्यात वरच्या वर्गाचा परवाना मिळाला, असा परवाना मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला, आणि १९७७, १९८० व १९८२ अशी तीन वर्षं त्यांनी त्याच वर्गाचं अजिंक्यपद घेतलं.

कुंपणाशी उभ्या माणसांना प्रत्येकी अर्धं मिनिट द्या. आवाज तिथेच ऐकू येतो. माझ्या फोटोत एका मुलानं दोन्ही कानांत बोटं घातलीत आणि डोळे मात्र सताड उघडे ठेवलेत. त्याच्या शेजारच्या बाईनं रुमाल नाकाला लावलाय. नायट्रोच्या एक्झॉस्टनं डोळे चुरचुरतात, घसा जळतो. पेट्रोलवरच्या गाडीला कोणी असा रुमाल लावत नाही. म्हणजे गाडीच्या धुरात लपलेली खूण त्या बाईच्या हातात सापडली. अर्थात कच्ची, धूर रबराचाही असतोच.

नववी पायरी: कॅमेरा कुठे होता?

फोटो काढणारा कुठे उभा होता याचा अंदाज घ्या. माझ्या फोटोत त्याची नजर गाडीच्या नाकापेक्षा फार वर नाही, म्हणजे तो गुडघ्यावर बसलेला. अंतर काही पावलांचं. क्लच फुटला असता तर तुकडे त्याच्या दिशेनंही गेले असते. काही फोटोंत चाकं पुढे कललेल्या लंबगोलासारखी दिसतात. ती छपाईतली चूक नव्हे. पडद्याचं शटर वरून खाली सरकत असताना गाडी पुढे गेली, आणि चाकाच्या वरच्या-खालच्या भागाची नोंद वेगवेगळ्या क्षणी झाली. प्रेस कॅमेऱ्यांवर असं शटर असे.

दहावी पायरी: जपणूक आणि नोंद

स्कॅन ६०० डीपीआयला करा, छोटा फोटो असेल तर १२०० ला, आणि टिफ फाइल ठेवा. पाठीमागची बाजूही स्कॅन करा, ती कोरी दिसली तरी. स्कॅनवर कॉन्ट्रास्ट वाढवला की पुसलेली पेन्सिल कधी कधी वर येते. मूळ फोटोवर कसलंही द्रावण, ओलं फडकं लावू नका. चिकट पानांचे अल्बम आणि वास येणारं प्लास्टिक टाळा. आम्लरहित कागदाचं पाकीट उत्तम. मुंबई-कोकणात किंवा गोव्यात राहत असाल तर पावसाळ्यात बुरशी हाच मोठा शत्रू. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, त्या वेळच्या वेळी बदला आणि डबा बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या कपाटात ठेवू नका. मदतीसाठी स्कॅन दाखवायचा असेल तर फ्लॉरिडातल्या ओकालाचं गार्लिट्स यांचं संग्रहालय आणि पोमोनाचं वॉली पार्क्स यांच्या नावाचं संग्रहालय याच विषयाला वाहिलेली आहेत.

शेवटी मऊ पेन्सिलनं, फोटो काचेसारख्या कडक पृष्ठभागावर पालथा ठेवून, पाठीच्या कडेला हलक्या हातानं लिहा. जेवढं कळलं तेवढंच. माझ्या फोटोच्या पाठीवर आता असं आहे: ‘स्लिंगशॉट, हेमी, बहुधा ३९२, बहुधा नायट्रो. पाच दिव्यांचा ट्री, झूमी. १९६४ ते १९६८, आधीच्या टोकाला झुकतं. डोंगर नाहीत, सावल्या लांब. दोन अक्षरं वाचता येतात, बाकी धुरात.’ त्याच्या खाली दोन ओळींची जागा मोकळी ठेवली आहे.